ब्लॉग पाहावा मांडून

मराठी समीक्षेनं आजवर कुणाला सोडलेलं नाही. कविता झाली, कादंबरी झाली, नाटक झालं. नाटकाच्या मध्यंतरातल्या बटाटेवड्यावरसुद्धा पुरेसं लिहून झालं. पण एक प्रकार समीक्षकांच्या तावडीतून साफ निसटला आहे. तो म्हणजे ‘ब्लॉग मांडणे’. ब्लॉग लिहिणे नव्हे. ते क्वचित घडतं. मांडणे! रंग निवडणे, फॉन्ट निवडणे, वर आडवा फोटो लावणे, तो काढणे, पुन्हा तोच लावणे... या क्षेत्रात मराठी माणसानं जी निर्मिती करून ठेवली आहे, तिची दखल न घेणं हा अन्याय आहे. तो दूर करण्याचं काम प्रस्तुत लेखकानं, कुणी सांगितलेलं नसताना, अंगावर घेतलं आहे.

परंपरेप्रमाणे आधी व्युत्पत्ती. १९९७ साली जॉर्न बार्जर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ‘वेबलॉग’ हा शब्द काढला. लॉग म्हणजे जहाजावरचा कप्तान ठेवतो तशी रोजची नोंदवही. १९९९ साली पीटर मरहोल्झ यानं गमतीनं तो शब्द भलत्याच ठिकाणी तोडला आणि ‘वुई ब्लॉग’ असं केलं, म्हणजे ‘आम्ही ब्लॉगतो’. पुढे त्यातलं ‘आम्ही’ गळून पडलं आणि ‘मी’ तेवढा उरला, हा भाषेचा नव्हे, स्वभावाचा नियम आहे. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सोय निघाली, २००३ साली ती गूगलनं विकत घेतली, आणि त्याच २००३ साली ‘वर्डप्रेस’ जन्माला आलं. तेव्हापासून छापखाना, कागद, शाई आणि संपादक या चार अडचणींतून लेखक मोकळा झाला.

यातल्या पहिल्या तीन अडचणींबद्दल मला दुःख नाही. संपादकाचं मात्र आहे. पूर्वी लेख पाठवायचा तो कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पुरेशा तिकिटांचं पाकीट जोडून. ते पाकीट ‘साभार परत’ होऊन आलं की चार दिवस जेवण गोड लागत नसे. पण पाचव्या दिवशी लेखातली दोन पानं आपोआप गळत. ब्लॉगवर ‘साभार परत’ नाही. निळं बटण दाबलं की लेख प्रसिद्ध! एवढं सोपं झाल्यावर लेखक घाबरला. नाकारायला कुणीच नाही म्हटल्यावर लिहायचं टाळायचं कसं? तेव्हा सजावटीचा शोध लागला.

उदाहरण घेतल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही. आमचे एक स्नेही पोस्टखात्यातून निवृत्त झाले. आम्ही त्यांना पोस्टमास्तरच म्हणतो. माणूस गोष्टीवेल्हाळ. तारा, मनिऑर्डरी, पत्ता नसलेली पाकिटं यांवर कट्ट्यावर बोलायला लागले की कट्टा उठत नाही. हे सगळं लिहून काढा, असा आम्ही धोशा लावला आणि त्यांच्या भाच्यानं एका रविवारी जागा भाड्यानं घेऊन वर्डप्रेस बसवून दिलं.

वर्डप्रेस हे अत्यंत यजमानशील आहे. ‘हॅलो वर्ल्ड’ नावाचा पहिला लेख ते स्वतःच लिहून ठेवतं. त्या लेखाखाली पहिली कॉमेंटही स्वतःच टाकतं. म्हणजे लेखक यायच्या आधी लेख हजर आणि वाचकही हजर! याशिवाय नमुन्याचं एक पान असतं, ‘माझ्याविषयी’ कसं लिहावं ते दाखवणारं. त्यातला इसम लॉस एंजलिसला राहतो, दिवसा सायकलवरून टपाल पोचवतो, रात्री नट व्हायची धडपड करतो, आणि त्याच्याकडे जॅक नावाचा कुत्रा आहे. पोस्टमास्तरांनी हे पान पुसलं नाही. आता दिवसा टपाल पोचवणं कुणालाच खटकलं नाही, पण वहिनींनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “अहो, रात्री नट म्हणजे कधीपासून?”

यानंतर थीम. इथे समीक्षकानं खुर्ची पुढे ओढून बसावं, कारण आशय आणि अभिव्यक्ती यांचं नातं काय, या प्रश्नावर आपल्याकडे अनेक परिसंवाद चहासह पार पडले, तो प्रश्न वर्डप्रेसनं परस्पर मिटवला आहे. लेखाचा मजकूर एका कोष्टकात जाऊन बसतो. थीम नावाची फाइलींची चळत तो मजकूर पडद्यावर कसा दाखवायचा तेवढंच ठरवते. २००५ साली आलेल्या १.५ या आवृत्तीपासून ही सोय आहे. थीम दहा वेळा बदला, मजकुराचा काना-मात्रा हलत नाही. आशय एका खोलीत, अभिव्यक्ती दुसऱ्या खोलीत! याचा दुसरा अर्थ असा, की पहिली खोली रिकामी असली तरी दुसरीत झुंबरं लावता येतात.

पोस्टमास्तरांनी झुंबरं लावली.

“मामा, हेडर मोठा वाटतोय.”

“अरे, पण लेख?”

“लेख नंतर. आधी दर्शनी पान.”

पूर्ण पावसाळा दर्शनी पानात गेला. अकरा थीम झाल्या. प्रत्येक थीम नमुन्यात बघताना देखणी, आपल्या घरी आणल्यावर केविलवाणी. याचं कारण साधं आहे. नमुन्यात कुणाच्या तरी बोटांत कॉफीचा कप असतो, मागे डोंगर असतो आणि मजकूर बहुधा लॅटिन असतो. तोही धड नाही. इसवीसनापूर्वी ४५ साली सिसेरोनं चांगलं कशाला म्हणावं आणि वाईट कशाला यावर एक ग्रंथ लिहिला, त्यातल्या वाक्यांची मोडतोड करून ते भरताड तयार झालं आहे. कुणी वाचणार नाही याची खात्री असलेला मजकूर जिथे शोभतो, तिथे वाचण्याजोगा मजकूर ठेवला की थीमला घाम फुटतो.

त्यातून तो मजकूर देवनागरी असेल तर विचारू नका. बहुतेक थीम रोमन अक्षरांच्या मापानं शिवलेल्या. रोमन अक्षरं शिस्तीत उभी राहतात. आपल्याला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा दुमजली संसार. दोन ओळींत अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. तेव्हा ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जरा जास्तच ठेवावं. दुसरं म्हणजे, काही थीम ऐट म्हणून मथळ्याच्या अक्षरांत फट पाडतात. रोमनला ती शोभते; आपली शिरोरेखा मात्र जागोजाग तुटते आणि ‘स्वागत’ हा शब्द भूकंप होऊन गेल्यासारखा दिसतो. ही फट शून्यावर आणावी. तिसरं, साइटची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, त्यात भाषा सांगितली की आपली आपल्याला मिळतात. एवढी तीन कामं सजावट नाहीत, स्वच्छता आहे. ती जरूर करावी.

फॉन्टांची तर आता चैन आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं ‘मुक्ता’ नावाचा साधा, वाचायला सोपा फॉन्ट केला आहे आणि ‘मोदक’ नावाचा असा गुबगुबीत फॉन्ट केला आहे, की अक्षरं पाहून तूप मागावंसं वाटतं. दोन्ही फुकट मिळतात. मोदक मथळ्यासाठी आहे. पोस्टमास्तरांनी तो सबंध पानाला लावला. वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीनंतर सुस्ती येई.

आता या प्रकारातल्या सर्वांत अस्सल अंशाकडे वळू. पानाच्या कडेला महिनेवार जुन्या लेखांची यादी असते. नव्या लेखकाच्या ब्लॉगवर ती साधारण अशी दिसते: जानेवारी १४, फेब्रुवारी ६, मार्च १. पुढे सप्टेंबरात आणखी १, आणि तो लेख ‘बरेच दिवसांत लिहायला जमलं नाही’ या वाक्यानं सुरू होतो. तोच शेवटचा. मराठीत आत्मचरित्रं उदंड आहेत. पण इतकं प्रांजळ आत्मचरित्र दुसरं नाही, कारण ते लेखकानं लिहिलेलंच नसतं. यंत्र मोजून लावतं.

पोस्टमास्तरांच्या यादीत पावसाळ्याअखेर एकच आकडा होता आणि तो ‘हॅलो वर्ल्ड’चा. मग दिवाळीच्या सुमारास भाचा परगावी नोकरीला गेला. बारावी थीम बसवायला कुणी उरलं नाही. नाइलाजानं गृहस्थ लिहायला बसले.

तो लेख मी वाचला आहे. मथळा नुसता ‘तार’. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, हे एका वाक्यात सांगून ते थेट खिडकीशी येतात. शुभेच्छांच्या ठरीव मजकुरांना आकडे असत. पाठवणाऱ्यानं आकडा सांगायचा, की तिकडे पूर्ण वाक्य पोचायचं. एकानं आकडा चुकीचा सांगितला आणि लग्नघरी परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदन पोचलं. वधूपित्याला ते समर्पक वाटलं. पुढे लेख वळतो. तार आली म्हटल्यावर पाकीट न फोडताच रडायला लागणाऱ्या बायका, आणि “वाचून दाखवा, पण हळू” म्हणणारा एक म्हातारा. त्या तारेत मुलगा नोकरीत कायम झाल्याची बातमी होती. ती ऐकून म्हातारा कट्ट्यावर बसला आणि पुन्हा वाचायला लावली. तीनदा. लेख तिथेच संपतो.

दोष काढायचेच तर तीन परिच्छेदांचा एकच परिच्छेद झाला आहे आणि ‘परंतु’ फार आहेत. साभार परत करणाऱ्या संपादकानं चार ‘परंतु’ काढून तो छापला असता. पण लेखाखाली वर्डप्रेसनं न घातलेली पहिली कॉमेंट आली. कुणी तरी लिहिलं होतं, की आमच्या आजोबांच्या निधनाची तार आईनं अजून ट्रंकेत जपून ठेवली आहे. अकरा थीमना मिळून एकही कॉमेंट आली नव्हती.

माझा निष्कर्ष एवढाच आहे. तार काय होती हे सांगू शकणारी माणसं वर्षागणिक कमी होत आहेत आणि हेडरचा रंग ठरवण्यात जाणारे पावसाळे परत येत नाहीत. थीम टिकतही नाही. जिओसिटीज नावाच्या जागेवर लोकांनी हौसेनं सजवलेली घरं होती, लुकलुकणारे दिवे आणि पाहुणे मोजणारी यंत्रं लावलेली. २००९ साली मालकानं ती वस्ती बंद केली. मजकुराची प्रत मात्र काढून ठेवता येते. वर्डप्रेसमध्ये ‘निर्यात’ म्हणून सोय आहे, ती महिन्यातून एकदा वापरावी. लेख दुसऱ्या घरी नेता येतात, झुंबरं नेली नाहीत तरी चालतं.

तेव्हा नव्या ब्लॉगवाल्यांनी, मिळेल त्या थीमवर आधी पाच लेख लिहावेत आणि मगच रंगांच्या पेटीला हात लावावा. ‘हॅलो वर्ल्ड’ पुसून टाकावं. त्याखालच्या आयत्या वाचकालाही निरोप द्यावा. लॉस एंजलिसचा तो सायकलवाला नट काढून तिथे आपलं नाव, गाव आणि आपण काय पाहिलं आहे तेवढं लिहावं. जॅकला घालवायचं जिवावर येत असेल तर राहू द्या बापड्याला. पण मग त्याच्याविषयी चार ओळी तरी स्वतःच्या लिहा.