एका रंगकामाचे परीक्षण

मराठी माणूस नाटकाचे परीक्षण लिहितो, गाण्याचे लिहितो, लग्नातल्या जिलबीचे तर पंगतीतून उठण्यापूर्वीच करून मोकळा होतो. मोटारीच्या रंगकामाकडे मात्र आमच्या टीकाकारांचे अद्याप लक्ष गेलेले नाही. ही उणीव मी पवनीत बसून भरून काढणार आहे. परीक्षणासाठी घेतलेली कलाकृती शेजाऱ्यांच्या दारात उभी आहे. १९७२ सालची फियाट, त्यांच्या वडिलांनी घेतलेली.

आधी गुण सांगतो, टीकाकारांची तशी रीत आहे. चकाकी उत्तम. दारात पाहून भांग पाडावा. लांबी कुठे भरली ते बोट फिरवूनही कळत नाही. ओघळ नाही, डाग नाही. रंगाऱ्याचा हात चांगला आहे यात शंका नाही.

दोष एवढाच, की तो हात कुठेच थांबलेला नाही. बॉनेटखाली कंपनीची छोटी पाटी होती. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे नाव, गाडीचा प्रकार, नंबर, सगळे तिच्यावर. आता तिथे मलईच्या रंगाचा चौकोनी उंचवटा आहे, पत्र्याला गळू झाल्यासारखा. टायरमध्ये हवा किती भरायची ते सांगणारा कागद रंगाखाली कायमचा झोपला. रबराच्या पट्ट्या रंगल्या, रिबिटे रंगली. एक माशी बसली असती तर तीही रंगली असती.

मी शेजाऱ्यांना विचारले, “काय जी, पाटीवरही रंग मारला?”

“मंग! पाटी कायले सोडाची? जुनाट दिसून राह्यली होती. आता पाहा, कसं एकसारखं दिसते!”

एकसारखं! या एका शब्दापायी आपल्याकडे किती गोष्टी मेल्या असतील! देवळातल्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासणारा भक्तही हेच म्हणतो.

आता कोणी म्हणेल, पाटी गेली तर गाडी चालायची थांबते का? नाही थांबत. पण २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. मग वीस हजार रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. म्हणजे म्हातारपणालाही सरकारी मान आहे. फक्त जन्मदाखला वाचता आला पाहिजे. आरटीओत चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. रंगाचे चार थर चढलेल्या नंबरावरून काय उमटणार? ढग!

पण माझा खरा राग कागदपत्रांपायी नाही. त्या चासीच्या नंबरातला सात हा आकडा जरासा तिरका होता. कुर्ल्याच्या कारखान्यात कोणा कामगाराने ठोकताना त्याचा हात हलला असावा. त्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले नाही. त्याची खूण म्हणाल तर तो तिरका सात. रंग कितीही वेळा देता येतो, सात एकदाच ठोकला जातो. नवी पाटी बाजारातून करून आणता येईल, पण ती काहीही बोलेल. साक्षीदार आणि पढवलेला साक्षीदार यांत फरक असतोच की!

पवनीच्या माणसाला तरी हे सांगावे लागू नये. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले, तेव्हा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली. कोणी मोठे राजे नव्हेत, दगडाचा खर्च देणारी माणसे. दोन हजार वर्षे मातीखाली राहून ती नावे वाचता आली, कारण माती लिहिलेले पुसून एकसारखे करत बसली नाही. आमच्या रंगाऱ्यापेक्षा वैनगंगेकाठची माती जास्त सुशिक्षित म्हणायची.

आणि करायचे तरी किती होते? कामाआधी प्रत्येक खुणेचा फोटो. पाटीवर, नंबरावर, काचेवरच्या छापावर चिकटपट्टी, कडेपर्यंत बेताने कापलेली. पॉलिश पेपर तिथे फिरवायचा नाही. थिनरचा बोळा तर दूरच, कारण तो रंगाबरोबर छापील अक्षरेही पुसून नेतो. पाटीच्या आसपास जुना रंग बोटभर राहिला तर राहू द्यावा. पहिला रंग कोणता होता ते पुढच्याला कळते. खर्च म्हणाल तर एक चिकटपट्टी आणि अर्धा तास. एवढ्यात आपला चहासुद्धा होत नाही.

तेव्हा निकाल असा : रंग देण्यात पैकीच्या पैकी, रंग न देण्यात शून्य. आणि माझ्या मते दुसरा पेपर जास्त अवघड असतो.