ग्रेड बदलला की फोटो काय सांगतो?

बिल ब्रँटचा १९३७ चा फोटो शोधून बघा. इंग्लंडच्या जॅरो भागातला माणूस, कोळसा वेचून, सायकलवर पोतं टाकून, ती ढकलत घरी निघालाय. आदल्याच वर्षी तिथले बेरोजगार चालत लंडनला गेले होते.

ब्रँटच्या सुरुवातीच्या प्रिंट गडद आणि मवाळ आहेत. पुढच्या दशकांत त्याने जुनी निगेटिव्ह हार्ड कागदावर पुन्हा छापली. ग्रेडेड कागदाचा कॉन्ट्रास्ट ठरलेला असतो: साधारण ० ते ५, त्यात २ नॉर्मल. इथे बरेच जण गोंधळतात. एक्स्पोजर वाढवलं की अख्खी प्रिंट काळवंडते. ग्रेड वाढवला की पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचं अंतर कमी एक्स्पोजरमध्ये संपतं. मग मधल्या करड्या छटा आवळल्या जातात.

आणि तपशील नेमका त्या करड्यातच असतो ना! हार्ड प्रिंट भिंतीवर जबरदस्त दिसते, पण माणूस आकृती होऊ लागतो आणि त्याची गरिबी कुठल्याही काळातली वाटते. कलाकार म्हणून तो हक्क ब्रँटचाच. साक्ष म्हणून मात्र मला जुनी प्रिंट जास्त मोलाची वाटते. (जेलच्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून फिकी पट्टी गायब करता येते, तसंच हे.)

माझी खरी तक्रार पुस्तकांबद्दल आहे. खाली बऱ्याचदा फक्त ‘१९३७’ लिहिलेलं असतं. ते साल निगेटिव्हचं. तुम्ही संदर्भ देताना प्रिंट कधीची आहे तेही शोधा. संग्रहालयांच्या नोंदीत ते पुष्कळदा वेगळं दिलेलं असतं.