'स्मृतिचित्रे' आणि पेत्राचे एक वचन

विवाहप्रसंगी, महिला मंडळाच्या सभांत आणि, खेदाने नमूद करावे लागते, माहेरी परत आलेल्या लेकीची समजूत घालताना आम्ही धर्मगुरू पेत्राच्या पहिल्या पत्रातील ३:१ हे वचन काढतो. आणि त्याला मराठी दाखला म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे बोट दाखवितो. तापट, लहरी, हाती पैसा टिकू न देणारा पती. सारे सोसून त्याला साथ देणारी पत्नी. आमच्या मते असे वाचन पत्रालाही न्याय देत नाही आणि ग्रंथालाही.

प्रथम पत्राविषयी. पेत्र ज्या स्त्रियांना लिहितो त्यांपैकी काहींचे पती वचन न मानणारे आहेत. त्या काळच्या रोमी समाजात पत्नीने पतीचेच देव भजावेत अशी अपेक्षा असे. तेव्हा ख्रिस्ताला धरून राहिलेल्या या स्त्रीने सर्वांत मोठ्या बाबतीत पतीचा शब्द आधीच मोडलेला आहे. तिची अधीनता या नकाराच्या आत वसते. एवढे विसरले की वचन निव्वळ ताबेदारीचा नियम होऊन बसते. शिवाय २:१९ मध्ये जे सोसणे देवाला मान्य होते, ते त्याच्याविषयीच्या जाणिवेपोटी सोसलेले असते. घरातील प्रत्येक मारहाणीला ते लागू करता येत नाही. आणि ३:७ मध्ये पतीला ताकीद आहे: पत्नी कृपेची सहवारस आहे, तिचा मान न राखल्यास प्रार्थनाच अडतील. काही वर्षांपूर्वी एका लेकीला ३:१ वाचून दाखवून आम्ही सासरी धाडले. ती मुकाट्याने गेली. ३:७ आम्ही त्या दिवशी उघडलेच नव्हते, जावयाला बोलावणे तर दूरच.

आता 'स्मृतिचित्रे'. येथे प्रसंगच उलटा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो नारायण वामन टिळकांनी. ख्रिस्ताला न मानणाऱ्या राहिल्या त्या लक्ष्मीबाई. वचन लावावयाचेच तर शब्दांवाचून, आचरणाने जिंकून घेण्याचे काम टिळकांच्या वाट्याला येते! पतीने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंनी आपला बदलला नाही. विरहाची वर्षे काढून त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी सोवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला, आणि १९०० मध्ये स्वतःच्या प्रतीतीने बाप्तिस्मा घेतला. पेत्राच्या त्या स्त्रीशी त्यांचे नाते जुळते ते येथे, विवेकाला जागण्यात.

सोसणे ग्रंथात आहेच, व ते थोडे नाही. पण सोसणारी बाई गप्प नाही. ती भांडते, उलट उत्तर देते, रडते आणि लगेच हसते; १९१९ मध्ये टिळक निवर्तल्यावर लिहितानाही त्यांच्या लहरीपणावर पांघरूण घालीत नाही, आणि तरीही त्यांच्यावरील तिच्या प्रेमाविषयी वाचकाला शंका राहत नाही. या विनोदाला रसिकांनी पुष्कळ वाखाणले. त्यामागील धर्मदृष्टी तपासण्याचे काम आमचे होते. टिळकांचे अभंग ईश्वरविज्ञानाच्या वर्गात आणि लक्ष्मीबाई महिला मंडळात, ही वाटणी मात्र आम्हीच केली.