'सगळेच वाजवतात' म्हणजे नेमकं कोण? थॉमस ट्युरिनो वाचताना

समूहवादन किंवा समूहनृत्यावर काम करायचं ठरवलं असेल, तर तुमच्या संशोधन-प्रस्तावात एक वाक्य हमखास येणार: 'इथे लहानथोर सगळेच सहभागी होतात.' वाक्य छान आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. दहा वर्षं वाजवणारा आणि काल पहिल्यांदा टिपरू हातात घेतलेला, हे दोघं एकाच ताफ्यात टिकतात कसे? खरा प्रश्न हा आहे. तो नीट मांडायला थॉमस ट्युरिनो यांचं 'म्युझिक ॲज सोशल लाइफ' (२००८) वाचा.

ट्युरिनो संगीताची चार क्षेत्रं मानतात. आपल्या कामाची त्यातली दोन: सहभागाचं संगीत आणि सादरीकरणाचं संगीत. पहिल्यात श्रोता वेगळा नसतो. किती स्वच्छ वाजलं यापेक्षा किती जण सामील झाले, यावर प्रसंग चांगला की वाईट हे ठरतं. पेरू देशातल्या कोनिमा भागात आयमारा लोकांच्या बासरीवादनात चुकणाऱ्याला चारचौघांत टोकत नाहीत, हे त्यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे.

पण पुस्तकाची खरी ताकद या चांगुलपणाच्या वर्णनात नाही, यंत्रणा उलगडण्यात आहे. छोटी, पुन्हापुन्हा येणारी रचना नवख्याला मध्येच शिरू देते. दाट आवाज त्याच्या चुकांवर पांघरूण घालतो. सोप्यापासून अवघडपर्यंत भूमिका असल्या की जुना वादक कंटाळत नाही आणि नवा घाबरत नाही. इथे ते चिक्सेंटमिहाय यांची कौशल्य आणि आव्हान यांच्या तोलाची कल्पना वापरतात.

आता हे घेऊन सालेकसा तालुक्यात या. माघ पौर्णिमेला दरेकसाजवळच्या कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. रेला नाच बघा: हातात हात, थोडीच पावलं, एका गटाने म्हटलेली ओळ दुसरा उचलतो. नवखा दोन जाणत्यांच्या मध्ये उभा राहिला की त्यांचे हातच त्याला शिकवतात. ट्युरिनोंची चौकट इथे चपखल बसते.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकात मात्र ती अर्धीच बसते. भूमिकांची उतरंड तिथेही आहे: ताशा अवघड, तो चाल धरतो, ढोलाचे ठोके त्यामानाने सोपे, म्हणून नवीन मुलं तिथून सुरुवात करतात. पण गणपतीआधी कित्येक आठवडे सराव, सारखा पोशाख आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी. म्हणजे आतून सहभाग, बाहेरून सादरीकरण. ही दोन टोकं आहेत, कप्पे नव्हेत, हे ट्युरिनो स्वतःच सांगतात. परीक्षेपुरतं वाचणारे नेमकं तेवढंच विसरतात.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. ही चौकट कोण कोणत्या भूमिकेत शिरू शकतो हे छान दाखवते. पण ती भूमिका नाकारता येते का, हे तिच्यातून आपोआप विचारलं जात नाही. महाराष्ट्रात तो प्रश्न टाळून चालणार नाही. गावच्या सणात हलगी वाजवणं हे कित्येकांसाठी जातीने लादलेलं काम होतं. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते वाजवणं सोडलं, आणि ते सोडणं हीच प्रतिष्ठेची गोष्ट होती. 'सहभाग' हा शब्द तिथे कसा लावणार? गोंड समाजातही कथागायन आणि किंगरीसारखं वाद्य परंपरेने परधानांकडे आलं. कचारगडच्या कथेत गुहेत कोंडलेल्या मुलांना बळ देणारा हिरासुका पाटालीर वादकच आहे, आणि मुलं सुटताना तो स्वतः शिळेखाली जातो. समूहाच्या आनंदाची किंमत कोण मोजतं, हे त्या कथेला ठाऊक आहे.

म्हणून फील्डवर जाताना वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा: नवखा कुठून आत शिरतो, त्याची चूक कशामुळे झाकली जाते, बाई ढोल हातात घेते की फक्त नाचते. दुसऱ्यात लिहा: आज वाजवायचं नाही असं कोण म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं. पहिला रकाना भरायला ट्युरिनो पुरतील. दुसऱ्यासाठी नुसतं बघणं पुरणार नाही. माणसांशी बोलावं लागेल, आणि यात्रा संपल्यावर पुन्हा गावात जावं लागेल.