छपराखालची खेळघरे

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा मुलांनी छपराखाली खेळावे कोठे, हा प्रश्न आपल्याकडे चैनीचा नव्हे. शहरांत व्यापाराने त्याला आपले उत्तर दिले आहे : तासाच्या दराने आकार घेणारी खेळघरे. स्पंजाच्या गाद्या, जाळीच्या शिड्या, एक घसरगुंडी आणि तिच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या रंगीत चेंडूंचे तळे. एक पाहिले की सर्व पाहिली. हे उत्तर पारखून घेणे अगत्याचे आहे, कारण उद्या पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या देवस्थानाच्या महाजनांनी ‘आपल्या अग्रशाळेत मुलांसाठी काही करू या’ असे मनात आणले, तर नमुना म्हणून यांचेच छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवले जाईल.

या खेळघरांचा मुख्य दोष महागाई हा नव्हे. तेथे सर्व काही जागच्या जागी खिळलेले असते, हा आहे. मूल चढते, घसरते, चेंडूंत बुडते आणि पुन्हा चढते; परंतु त्याच्या येण्याने त्या जागेत तिळमात्र फरक पडत नाही. सायमन निकोल्सन या इंग्रज कलावंताने १९७१ साली एका लेखात असे मांडले की, जागेत सुट्या, हलवता येण्याजोग्या वस्तू जितक्या अधिक, तितका तेथील माणसाच्या कल्पकतेला वाव अधिक. आपल्या आज्यांना हे निकोल्सनवाचून ठाऊक होते. भातुकली म्हणजे दुसरे काय? करवंटीचे पातेले, वाळूचा भात, आणि घरमालकीण कोण यावरून होणारे भांडण. घराच्या चौकात, सोप्यावर, सभामंडपाच्या कडेला पावसाळे काढलेल्या पिढ्यांना सागरगोटे आणि कवड्या पुरल्या. जमिनीवर कोळशाने वाघ-बकरीचा पट आखला की डाव मांडला, पुसला की मोडला. जागा मोठ्यांची, पण तेवढा वेळ राज्य मुलांचे.

गंमत अशी की, चेंडूंच्या तळ्याची कल्पना ज्याची, त्या एरिक मॅकमिलनने १९७२ साली टोरांटोच्या ऑन्टारिओ प्लेस येथे मुलांचे जे गाव वसवले, ते सरोवराकाठी, मोकळ्या हवेत होते. पुढे नकलाकारांनी ती कल्पना बंद खोलीत कोंडली. आमच्या दमट हवेत तर तिची आणखीच दैना. रेक्झिनच्या शिवणीतून स्पंजात ओल शिरते, ती आषाढात बाहेर पडत नाही, आणि आत बुरशी धरते. खोळ काढून धुता-वाळवता येत नसेल, तर ती गादी कोकणात बिनकामाची समजावी.

याहून चांगला धडा आपल्याच किनाऱ्यावर घालून दिलेला आहे. मारिया माँटेसरीने १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडले आणि बैठका-कपाटे मुलांच्या उंचीला आणून ठेवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ नंतर कोसबाडला ते तत्त्व घेतले, मात्र महागडे साहित्य बाजूस सारले; शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांवर काम चालवले. खेड्याला परवडेल तेच खेड्यात टिकेल, हा त्यांचा हिशेब होता. आमच्या अग्रशाळेला यापेक्षा निराळे काय हवे? चटया, मुलाचा हात पोचेल असे एक उघडे फडताळ, लाकडी ठोकळे, दोऱ्या, जुनी लुगडी, खडू. तान्ह्यांचा कोपरा वेगळा, विजेची बटणे उंचावर, आणि सबंध खोली एका नजरेत यावी अशी मांडणी.

‘देवळात गोंगाट होईल’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेऊ शकत नाही. अग्रशाळा म्हणजे गर्भकूड नव्हे. तेथे लग्नाच्या पंगती उठतात, पाहुणे उतरतात. जत्रेच्या रात्री तर देवळासमोर पहाटेपर्यंत नाटके रंगतात. देवाला एवढे चालत असेल, तर पोरांच्या कलकलाटाने त्याची झोप मोडेल असे मानण्याचे कारण नाही.

आता थोडे वकिली. आपली देवस्थाने १९३३ च्या माझानी नियमावलीखाली चालतात; तेव्हा हा खर्च वर्गणीच्या डब्यातून परभारे न करता महाजनांच्या सभेत मांडून रीतसर अंदाजपत्रकात घालावा. दुसरे असे की, ‘अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही’ ही पाटी व्यापारी खेळघरांच्या दारावर दिसते, ती उचलून आणू नये. पाटी टांगल्याने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही, आणि देवाच्या दारी ती शोभतही नाही. जबाबदारी घ्यायची तर माणूस नेमावा लागतो. गावातील एखादी निवृत्त शिक्षिका रोज दोन तास तेथे बसणार असेल, तर अंदाजपत्रकात सामानापेक्षा तिच्या मानधनाची रक्कम मोठी असावी. आणि फडताळाची किल्ली तिच्याकडे असावी, अध्यक्षांकडे नव्हे.