बाखची समग्र आवृत्ती : स्वच्छ पानावर किती विश्वास ठेवायचा?

गेल्या व्याख्यानात आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता. चित्र भिंतीवर असतं, शिल्प चौथऱ्यावर असतं. मग संगीतरचना कुठे असते? कागदावर, गळ्यात, की ऐकणाऱ्याच्या कानात? आज हा प्रश्न आम्ही जरा जमिनीवर आणणार आहोत. एकच रचना घेऊ : योहान सेबास्टियान बाखचा 'बी मायनर मास', म्हणजे लॅटिन प्रार्थनाविधीच्या शब्दांना दिलेलं गायकवृंद आणि वाद्यवृंदाचं संगीत. ती छापायची झाली तर नेमकं काय छापायचं?

प्रश्न सोपा वाटतो. बाखच्या हातचं हस्तलिखित आज बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे. ते समोर ठेवायचं आणि उतरवून घ्यायचं, झालं! पण समग्र बाख छापणाऱ्या विद्वानांना ही एकच रचना पुन्हा पुन्हा छापावी लागली. का, ते पाहू.

१८५० साली बाखच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा लाइपझिगमध्ये 'बाख-गेझेलशाफ्ट' ही संस्था स्थापन झाली. वर्गणीदार जमवायचे आणि बाखचं सगळं संगीत मूळ साधनांवरून छापायचं, संपादकाने पदरचं काही घालायचं नाही, असा तिचा संकल्प. १८५१ ते १८९९ असं जवळजवळ अर्धं शतक हे काम चाललं. पण 'मास'चं मूळ हस्तलिखित त्या वेळी झुरिकच्या नेगेली घराण्याकडे होतं, आणि ते बघायलाही मिळेना. म्हणून १८५६ साली इतर साधनांवरून, नकलांवरून खंड छापला. वर्षभरात हस्तलिखित हाती आलं आणि १८५७ साली तोच खंड दुरुस्त करून पुन्हा काढावा लागला. चूक कबूल करून पुन्हा छापणं, हे आम्हांला त्या पिढीचं मोठेपण वाटतं.

दुसरा प्रयत्न १९५४ सालचा. जर्मनीचे दोन तुकडे झालेले; तरी पश्चिमेकडचं ग्योटिंगन आणि पूर्वेकडचं लाइपझिग, अशा दोन ठिकाणच्या संशोधकांनी मिळून 'नवी बाख आवृत्ती' हाती घेतली. ती २००७ साली पुरी झाली. हिच्या अगदी सुरुवातीच्या खंडांत 'मास' होता. संपादक फ्रीडरिश स्मेंड. आता हस्तलिखित तर हाताशी होतं. तरी हा खंड वादात सापडला. स्मेंड यांचं म्हणणं असं की ही एक रचना नव्हेच, चार वेगवेगळ्या रचना एका बासनात बांधल्या आहेत. पण त्याच प्रकल्पातले आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेल्सेन हे अभ्यासक कागदावरचे जलचिन्ह, नकलकारांची अक्षरं, खुद्द बाखच्या हस्ताक्षरात वयानुसार झालेले बदल, असं सगळं तपासत होते. त्यातून निष्पन्न झालं की 'क्रेडो'चा भाग बाखने आयुष्याच्या अखेरीस, १७४८-४९च्या सुमारास लिहिला. साधनांचं मूल्यमापनच चुकलं, अशी टीका डाडेल्सेन यांनी केली. टीका मान्य झाली. पण पाठ मात्र बाजारात तोच राहिला. गायकवृंद पन्नासेक वर्षं त्याच आवृत्तीतून गात राहिले.

आणि खरी गुंतागुंत तर पुढेच आहे. बाखनंतर हे हस्तलिखित त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याच्याकडे आलं. त्याने १७८६ साली हॅम्बुर्गमध्ये 'क्रेडो' सादर केलं, आणि त्यासाठी वडिलांच्याच पानांवर स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या. शाई खाऊन कागद जागोजागी जीर्ण झालेला. मग बापाचा स्वर कुठला आणि मुलाचा कुठला? त्यासाठी शाईची क्ष-किरणांनी तपासणी झाली. दोघांच्या शाईतलं धातूंचं प्रमाण वेगळं निघालं. मुलाने फेरफार करण्याआधी झालेल्या नकला ताडून पाहिल्या, १९२४ साली छापलेली हस्तलिखिताची प्रतिकृती पाहिली, आणि उवे वोल्फ यांनी २०१० साली नवा पाठ दिला. पन्नास वर्षं लोक काही जागी मुलाचे स्वर बापाचे म्हणून गात होते!

आता आमची तक्रार ऐका. या विद्वानांनी चुका केल्या, ही ती तक्रार नाही. चुका सापडल्या त्या त्यांच्याच शिस्तीमुळे. आमची तक्रार छापील पानाबद्दल आहे. नव्या बाख आवृत्तीत संगीताचा खंड वेगळा आणि 'चिकित्सक अहवाल' वेगळ्या पुस्तकात. कुठे शंका होती, कुठला पाठ का निवडला, हे सगळं त्या दुसऱ्या पुस्तकात. गायकाच्या हाती जी स्वस्त प्रत येते तिच्यात तो अहवाल नसतोच. असतो तो मुखपृष्ठावर 'उर्टेक्स्ट' असा शिक्का. म्हणजे मूळ पाठ. वाचणाऱ्याला वाटतं, हा बाख. वास्तविक तो बाखबद्दलचा एका संपादकाचा निर्णय असतो.

आपल्याकडचं उदाहरण बघा. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. तिचे संपादक वि. स. सुखठणकर बर्लिनला शिकलेले, जर्मन पाठचिकित्सेत मुरलेले. पण त्या आवृत्तीत वर श्लोक आणि त्याच पानावर खाली पाठभेद. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर नजर चार बोटं खाली न्यायची, की पुरावा समोर.

कुणी म्हणेल, 'सर, गाताना तळटीपा कोण वाचणार?' रास्त आहे. गायकाला स्वच्छ पान लागतं. पण जिथे संपादकालाच खात्री नाही तिथे एक लहानशी खूण करायला काय हरकत आहे? आणि अहवाल सर्वांना खुला का नसावा? मोझार्टच्या नव्या समग्र आवृत्तीने डिसेंबर २००६मध्ये संगीत आणि अहवाल, दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. बाखची हस्तलिखितंही २०१०पासून 'बाख डिजिटल'वर घरबसल्या पाहता येतात. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

मग रचना कुठे असते? आमचं उत्तर असं : ती एका पानावर नाही. ती बाखच्या हस्तलिखितात आहे, मुलाच्या दुरुस्त्यांखाली आहे, नकलांत आहे, आणि या सगळ्यांतून काय निवडायचं याच्या युक्तिवादात आहे. तो युक्तिवाद वाचकापासून दूर ठेवला, तर आवृत्ती विद्वत्तापूर्ण असूनही श्रद्धेची मागणी करते. विद्वत्तेने श्रद्धा मागू नये, पुरावा दाखवावा.

पुढच्या वेळेपर्यंत एवढं करा. संगणकावर 'क्रेडो'चं एखादं पान उघडा. लिपी वाचता आली नाही तरी चालेल. काळवंडलेली शाई, खोडाखोड, जीर्ण कडा नीट बघा, आणि मग त्याच जागेचं छापील पान शेजारी ठेवा. मधे किती माणसांचे किती निर्णय झाले असतील, ते आपोआप लक्षात येईल.

आज इथेच थांबतो.