हिशेब कोणास? : गृहनिर्माणविषयक कायद्यांतील उत्तरदायित्वाची भाषा

सार्वजनिक गृहनिर्माण संस्थांचा आर्थिक कारभार अधिक जबाबदार व्हावा ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. तीवर सुचविला जाणारा उपाय बहुधा नव्या कलमाचा असतो, आणि त्या कलमाचे मोल दंडाच्या रकमेवरून किंवा शिक्षेच्या मुदतीवरून ठरविले जाते. वास्तविक त्याच्या वाक्यरचनेची परीक्षा आधी व्हावयास हवी. 'हिशेब देणे' या क्रियेला मराठीत तीन पदांची अपेक्षा असते : देणारा, दिली जाणारी वस्तू आणि घेणारा. तिसरे पद, म्हणजे व्याकरणातील संप्रदान, गाळले तर ऐकणारा 'कोणाला?' असे विचारल्यावाचून राहत नाही. 'जबाबदारी'चे तसे नाही. ती असते, येते, पार पाडली जाते. या शब्दाच्या पोटात 'जबाब' असूनही तो मागणारा कोणी वाक्यात नसला तरी चालते. कायद्याच्या मसुद्यांत पहिल्या शब्दप्रयोगापेक्षा दुसऱ्याला मिळणारी पसंती म्हणूनच विचारात घेण्याजोगी आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही, हे ठाण्याच्या वागळे इस्टेटकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत म्हणून वागळे इस्टेटचे नाव घेतले जाते. कारखान्यांसाठी भूखंड आखले गेले. कामगारांच्या घरांची सोय मात्र त्या मानाने झाली नाही. लगतच्या किसननगरसारख्या भागांत दाटीवाटीच्या चाळी आणि पुढे अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. आज त्याच किसननगरात समूह विकास योजना हाती घेतली गेली असून काम सिडकोकडे आहे. तिचे भूमिपूजन जून २०२३ मध्ये झाले. अशा योजनेत जुने घर रिकामे करणारा रहिवासी पैसे गुंतवीत नाही, तो राहते घरच गुंतवितो. त्या गुंतवणुकीचा हिशेब त्याला कोण देणार, हे येथे पाहावयाचे आहे.

मुंबई गृहनिर्माण मंडळ १९४८ च्या अधिनियमाने अस्तित्वात आले. त्याची आणि इतर मंडळांची जागा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ याने घेतली आणि ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडाचा कारभार सुरू झाला. या अधिनियमात निधी, अर्थसंकल्प, हिशेब व त्यांची तपासणी यांची तजवीज आहे, पण या कागदांचा प्रवास प्राधिकरणाकडून राज्य शासनाकडे होतो. गाळेधारक अधिनियमात येत नाही असे नाही. तो येतो तो भाडे देणारा, गाळा रिकामा करणारा किंवा थकबाकीदार म्हणून. हिशेब घेणारा म्हणून त्याला स्थान नाही.

आपल्या कायद्यांच्या मराठीत '-स' आणि '-ला' हे प्रत्यय कमी आहेत असे मात्र नव्हे. 'राज्य शासनास निदेश देता येतील', 'प्राधिकरणास जमीन संपादन करता येईल' अशा धर्तीची वाक्ये पानोपानी आढळतात. परंतु येथे प्रत्ययाने दाखविलेला अर्थ संप्रदानाचा नसून सामर्थ्याचा आहे. शासनास काही मिळत नाही, शासनास काही करता येते. एकच प्रत्यय दोन कामे करतो, आणि विधिभाषेत तो अधिकार देण्याच्या कामी जितका राबतो तितका हिशेब पोहोचविण्याच्या कामी राबत नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १९ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळाची लेखापरीक्षा करावी, अशी विनंती राज्यपालांना लोकहितासाठी करता येते. म्हणजे क्रिया ऐच्छिक आहे. शिवाय विनंतीपूर्वी त्या महामंडळाला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याचे म्हणणे ऐकण्याची कायद्याने काळजी घेतली. ज्यांच्या घरांचा हिशेब आहे त्यांचे ऐकावे असे त्या कलमात कोठेही नाही.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने यात खरी भर घातली. त्यातील 'प्रवर्तक' या संज्ञेत सार्वजनिक संस्थाही येतात. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक जाणून घेण्याचा हक्क घर घेणाऱ्याला आहे. येथे संप्रदान स्पष्ट आहे. परंतु ज्या पुनर्विकासात जाहिरात, विक्री वा नवे वाटप नाही, तो कलम ३ ने नोंदणीतून वगळला आहे. परिणामी विक्रीच्या इमारतीत सदनिका घेणाऱ्या नव्या माणसाला जे संरक्षण मिळते, ते जागा मोकळी करून देणाऱ्या जुन्या रहिवाशापर्यंत तितक्या निश्चितपणे पोहोचत नाही. सिडकोची गोष्ट आणखी निराळी. ती १९७० साली कंपनी म्हणून स्थापन झाली. कंपनीचे हिशेब भागधारकांच्या सभेपुढे जातात, आणि येथे भागधारक म्हणजे राज्य शासन.

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने झोपडपट्टी अधिनियमातील ज्या सुधारणेला मान्यता दिली, तीत विकासकाने थकविलेले भाडे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे, कारण रहिवासी येथे प्रथमच येणेकरी म्हणून उभा राहतो. मात्र देणेकरी आहे तो खाजगी विकासक. त्याला नेमणाऱ्या, मुदत वाढवून देणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेने आपला हिशेब कोणास द्यावा, याला तेवढ्याने उत्तर मिळत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शासन लोकनियुक्त आहे, तेव्हा शासनाला दिलेला हिशेब लोकांनाच दिला असे समजावे. परंतु विधिमंडळापुढे जातो तो संपूर्ण संस्थेचा वार्षिक ताळेबंद. त्यात एका योजनेची रक्कम बेरजेत विरून जाते. किसननगरच्या रहिवाशाला हवी असते ती त्याच्या योजनेची आकडेवारी. दुसरा आक्षेप माहिती अधिकार अधिनियम, २००५ याच्या आधारे घेतला जाईल. तो अधिकार मोलाचा आहे. पण त्यात मुख्यतः रहिवासी 'मागणे' या क्रियेचा कर्ता होतो. न मागता देणे हे संस्थेचे कर्तव्य ठरत नाही तोवर हिशेब ही देण्याची गोष्ट न होता मिळविण्याची गोष्ट राहते.

तशी रचना अशक्य आहे काय? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वीसपंचवीस सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेलाही वार्षिक सभेत सभासदांपुढे ताळेबंद मांडावा लागतो, आणि सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क असतो. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेवर सोपविले होते. लहान संस्थेकडून आणि खेड्याकडून जे अपेक्षिले जाते, ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संस्थेकडून अपेक्षिणे अवाजवी ठरू नये.

तेव्हा म्हाडा, सिडको किंवा तत्सम संस्थेच्या आर्थिक उत्तरदायित्वासाठी पुढे येणाऱ्या कोणत्याही विधेयकात एक वाक्य असावयास हवे : संस्था प्रत्येक योजनेचा जमाखर्च, संक्रमण भाड्याची देणी आणि कामाची प्रगती यांचा मराठीतील हिशेब दर वर्षी त्या योजनेतील रहिवाशांच्या सभेस देईल. त्यातील 'देईल' हे 'देता येईल' होऊ नये आणि 'सभेस' हे पद मसुद्याच्या कोणत्याही फेरीत गळू नये, एवढी दक्षता मसुदाकारांनी घेतली तर दंडाच्या रकमेची चर्चा मागाहून करता येईल.